साडेतीन इंचांचं जाळं

माझा आणि माझ्या हातांचा संबंध इयत्ता चौथीत संपला. आमच्या वेळी प्राथमिक शाळेत मूलोद्योगाचा तास असे. त्या तासाला प्रत्येकाला एक टकळी आणि कापसाचे चार पेळू मिळत. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला परिषद भरवली, झाकिर हुसेन यांच्या समितीनं अभ्यासक्रम आखला, मुलानं हातानं काही करता करता गणित, भूगोल, इतिहास सगळं शिकावं असं ठरलं. आणि ही गंगा वीस-बावीस वर्षांनी आमच्या वर्गात पोचली तेव्हा तिच्यातलं पाणी वाटेतच आटलं होतं. नुसत्या टकळ्या पोचल्या. माझं सूत वीतभर झालं की तुटे. सूत तुटलं की गुरुजी तापत. वार्षिक परीक्षेला मी आईनं वळलेल्या वाती नेऊन दाखवल्या आणि पस्तीस गुणांनी सुटलो.

हे आधीच कबूल करून टाकतो, कारण आमच्या व्याह्यांचा माझ्यावर असा आरोप आहे की म्हातारपणी मला 'डबे चिकटवण्याचा नाद' लागला आहे. व्याही समाजशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मी सरकारी कचेरीतून निवृत्त. त्यामुळे ते मला 'साहेब' म्हणतात आणि मी त्यांना 'सर' म्हणतो, आणि या आदराच्या आडून आम्ही गेली बारा वर्षं भांडतो आहोत. गेल्या वर्षी जुलैत मी अमेरिकेत मुलाकडे, मिनिआपोलिसला असताना झाडाच्या सालीचा एक डबा शिवला आणि त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सॲपवर टाकला. तासाभरात सरांचं उत्तर आलं. मुद्दे तीन. (प्राध्यापकाचे मुद्दे नेहमी तीनच असतात, चौथा सुचला की तो पुस्तक लिहितो.) एक, संस्कृती ही अभ्यासाची गोष्ट आहे, ती सुईदोऱ्यानं कळत नाही. दोन, दुसऱ्याची पारंपरिक वस्तू आपण करणं ही शुद्ध चोरी आहे. तीन, त्या लोकांचे मणी मुळात युरोपातून आलेले, तेव्हा त्यात परंपरा ती कसली?

सरांच्या खाली व्याहीणबाईंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

आता या लेखात मी सरांना उत्तर देणार आहे. फोनवर देता येत नाही, कारण फोनवर तेच बोलतात.

ते लोक म्हणजे ओजिब्वे. स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. अमेरिका आणि कॅनडा यांच्या मध्ये जी प्रचंड तळी आहेत त्यांच्या भोवतीचा हा समाज. एकट्या मिनेसोटा राज्यात त्यांच्या सात राखीव वसाहती आहेत. यांना 'इंडियन' म्हणायची चूक कोलंबसानं केली आणि तिचा त्रास आजतागायत मला होतो; कारण तिकडे कोणी विचारलं की 'इंडियन' म्हणावं लागतं आणि मग 'ते नव्हे, ते दुसरे' असं खाली शुद्धिपत्र जोडावं लागतं.

सुरुवात नातीपासून झाली. वय वर्षं नऊ. तिनं एका दुकानातून खोका आणला. आत प्लॅस्टिकचं कडं, नायलॉनचा दोरा, गुलाबी रंगवलेली पिसं, चार मणी आणि एक सूचनापत्रक. चाळीस मिनिटांत तिनं ते जाळं बांधलं, पलंगाच्या डोक्याशी टांगलं आणि मला सांगितलं, "आजोबा, यात वाईट स्वप्नं अडकतात. झालं माझं ओजिब्वे कल्चर." मीही म्हटलं, वा! चाळीस मिनिटांत आमच्याकडे पुरणपोळीची डाळसुद्धा शिजत नाही, इथं अख्खी संस्कृती शिजली.

हेच जाळं मी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर टांगलेलं पाहिलं आहे. परातीएवढं. आमच्या सोसायटीतल्या तीन गाड्यांच्या आरशाला ते लोंबतं, आणि त्यातल्या एका गाडीला पुढे लिंबू-मिरचीही आहे, म्हणजे बाहेरून येणारं संकट आणि आतून येणारं स्वप्न अशी दोन्ही खाती वेगवेगळी नेमलेली आहेत. मूळ वस्तू किती मोठी होती, सांगू? साडेतीन इंच. फ्रान्सिस डेन्समोर नावाच्या मिनेसोटातल्याच एका बाईंनी १९२९ साली ओजिब्वे चालीरीतींवर पुस्तक लिहिलं, त्यात या कड्यांची नोंद आहे. लाकडाचं लहानसं कडं, त्यात बारीक दोऱ्याचं कोळ्याच्या जाळ्यासारखं विणकाम, दोरा बहुधा लाल रंगवलेला, आणि ते टांगायचं तान्ह्या बाळाच्या पाळणा-फळीवर. हवेत जे काही वाईट असेल ते जाळ्यात अडकावं, बाळापर्यंत पोचू नये, एवढीच अपेक्षा. म्हणजे आपली काळी तीट. उद्या कोणी काळ्या तिटेचं प्लॅस्टिकचं, परातीएवढं, पिसं लावलेलं गोल करून गाडीत टांगलं तर आपल्याला कसं वाटेल? (लिहिता लिहिताच शंका आली, की आपल्याला काहीच वाटणार नाही, आपण दोन घेऊ.)

इथवर सर आणि मी एकाच बाजूला आहोत, हे मान्य. पण खोका फसवा निघाला म्हणून हात फसवे, हे सरांचं अनुमान मला मान्य नाही. शाळेत टकळी फसली म्हणून गांधीजी फसले असंही मग म्हणावं लागेल. सर ते म्हणतातच, तो भाग वेगळा.

आमची सूनबाई मुळात चिकाटीची. तिनं मुलीचा खोका पाहिला, सूचनापत्रक पाठपोट वाचलं, आणि पुढच्या शनिवारी आम्हां सगळ्यांना गाडीत घालून एका लोककेंद्रातल्या वर्गाला नेलं. मला, नातीला, मुलाला आणि हिला. ही येताना म्हणाली, "मी नुसती बसेन हो, मला इंग्रजी कुठं येतंय." हे वाक्य लक्षात ठेवा.

शिकवणारी बाई सत्तरीची, ओजिब्वे, ठेंगणी, हसली तर डोळे बंद होणारी. तिनं मला कुठले म्हणून विचारलं. मी 'इंडिया' म्हणालो. ती म्हणाली, "म्हणजे खरे तुम्ही. आम्ही टायपिंगची चूक." कचेरीत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला यापेक्षा जवळचं वाक्य कोणतं ऐकवणार?

डबा करायचा होता बर्च झाडाच्या सालीचा. त्याला त्यांच्याकडे मकक म्हणतात. पूर्वी मेपलची साखर, सुकवलेली बोरंबिरं त्यात ठेवत. मला वाटलं, साल घ्यायची, कापायची, शिवायची. बाईंनी पहिला पाऊण तास सालीला हातच लावू दिला नाही. साल झाडावरून कधी निघते? उन्हाळ्याच्या तोंडाला, जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला, थोडे दिवस. तेव्हा ती सहज सुटते. नुसती वरची साल घ्यायची, आतल्या थराला पातं लागू द्यायचं नाही, म्हणजे झाड जगतं. आणि घेण्याआधी झाडाशी चिमूटभर तंबाखू ठेवायची.

तंबाखू म्हटल्याबरोबर आमच्या हिनं माझ्याकडे पाहिलं. माझा हात खिशावर गेला होता. आयुष्यभर ज्या पुडीमुळे मी घरात शिव्या खाल्ल्या ती जगाच्या पाठीवर कुठंतरी पूजेचं साहित्य आहे, हे कळून मला भरून आलं. बाईंना मी आमची चुन्याची डबीही दाखवली. त्यांनी ती निरखून परत केली आणि म्हणाल्या, झाडाला हे नको.

मग सालीच्या पोटाची आणि पाठीची गोष्ट. बर्चची पांढरी साल आपण चित्रात पाहतो. डब्यात ती पांढरी बाजू आत जाते आणि आतली तपकिरी बाजू बाहेर येते. मी अर्थातच उलटं केलं. साल वळवली, तडकली. दुसरी मिळाली, ती गरम पाण्यात बुडवून मऊ करायची असते. मी पाणी निववलं. भोकं पाडायला चांभाराची असते तशी आरी. शिवायला बासवुड झाडाच्या अंतरसालीच्या पट्ट्या, त्या आधी कितीतरी दिवस पाण्यात भिजत घातलेल्या. म्हणजे मी शनिवारी जो डबा 'तीन तासांत' शिवला, त्याचं काम कोणीतरी कित्येक आठवडे आधी सुरू केलं होतं. खोक्यातल्या सूचनापत्रकात हे आठवडे नसतात.

काठाला एक काटकी बांधायची होती. बाईंनी खिडकीबाहेरच्या झाडाकडे बोट केलं, म्हणाल्या, 'मिटिग'. हातातली काटकी दाखवली, म्हणाल्या, 'मिटिग'. मी म्हटलं, एकच शब्द. त्या म्हणाल्या, आता अनेकवचन करा. उभी झाडं म्हणजे 'मिटिगोग', काटक्या म्हणजे 'मिटिगोन'. त्यांच्या भाषेत नामांचे दोन वर्ग, सजीव आणि निर्जीव. उभं झाड सजीव, काटकी निर्जीव. इथवर ठीक. पण दगड सजीव आहे. किटली सजीव आहे. मी हसायला लागलो, तेवढ्यात आठवलं की आपल्याकडे खुर्ची बाई आहे आणि स्टूल नपुंसक आहे, आणि याचं कारण गेल्या सातशे वर्षांत कोणी दिलेलं नाही. गप्प बसलो. सर, हे व्याकरण पुस्तकात असतंच. मला ते सापडलं काटकी बोटात घुसली तेव्हा, आणि म्हणून ते जात नाही.

बाईंना स्वतःला ही भाषा घरातून मिळाली नव्हती. त्यांच्या आजीला लहानपणी सरकारी वसतिशाळेत नेलं. केस कापले. आपली भाषा बोललं की शिक्षा. अशा शाळांची सुरुवात १८७९ साली पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलपासून झाली, आणि अनेक पिढ्या त्यांतून काढल्या गेल्या. आजी घरी परतली ती अशी, की तिनं स्वतःच्या मुलांशी ती भाषा बोलायचीच नाही असं ठरवलं. मुलांना मार बसू नये म्हणून. पण संध्याकाळी ती मणी ओवायला बसे आणि मुलं शेजारी बसत. बोलणं नाही. नुसते हात. बाईंनी भाषा चाळिशीनंतर वर्गात जाऊन शिकली. टाके मात्र आजीचे, आईमार्फत आलेले. भाषेवर मास्तर नेमता येतो. बाई गुडघ्यावर फडकं पसरून काय करते आहे यावर किती मास्तर नेमणार?

आणि हो, याच लोकांना 'उपयुक्त हस्तकला' शिकवावी म्हणून १८९०च्या सुमारास व्हाइट अर्थ वसाहतीत एका मिशनरी बाईंनी लेस विणण्याची शाळा काढली होती. ज्यांच्या मण्यांच्या फुलवेली आज संग्रहालयांत काचेआड ठेवल्या आहेत त्यांना सुई कशी धरावी हे शिकवायला! मी हे वाचलं तेव्हा सरांची फार आठवण झाली.

मण्यांचा मुद्दा इथेच उरकतो. मणी युरोपातून आले, खरं आहे. कातड्यांच्या व्यापारात व्हेनिस आणि बोहेमियाकडचे काचमणी आले. ओजिब्वे बायकांनी त्यांना 'मनिडोमिनेन्स' असं नाव दिलं, साधारण अर्थ देवाचं इवलंसं बी, आणि त्यांची आपली फुलं केली. सर, तुमच्या उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा दक्षिण अमेरिकेचा, मिरचीसुद्धा तिकडचीच. खिचडी मात्र आषाढी एकादशीची. ती तुम्ही परंपरा म्हणून दोनदा घेता.

डब्यानंतर बाईंनी गंमत म्हणून सालीचा कागदासारखा पापुद्रा दुमडून दातांनी चावून नक्षी काढायला दिली. जुनी कला आहे. उलगडलं की चारी बाजूंनी सारखी फुलं, फुलपाखरं दिसतात. नातीचं फुलपाखरू झालं. माझी वरची कवळी आहे, हे मी सांगायला विसरलो. माझ्या पापुद्र्यावर कवळीचा अर्धचंद्र उमटला आणि कवळी पापुद्र्यासह बाहेर आली. बाईंचे डोळे बराच वेळ बंद होते.

आता चोरी. हा सरांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, म्हणून मी तो बाईंनाच विचारला. त्यांनी सुई न थांबवता सांगितलं, की मी बोलावलं, तुम्ही पैसे भरलेत, माझ्या शेजारी बसून शिकलात, डबा घरी न्या, त्यात डाळ ठेवा. उद्या असे शंभर करून 'ओजिब्वे डबा' म्हणून विकलेत तर मात्र आपली ओळख नाही. नुसती ओळखच जाणार नाही. १९९० साली तिकडे कायदा झाला आहे. मूळ रहिवाशांनी न केलेली वस्तू त्यांनी केलेली म्हणून विकली तर पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद. (आपल्या मुरादाबादेत झालेली वस्तू 'इंडियन' म्हणून तिथं विकली तर काय होतं, हा प्रश्न मी मुलाला विचारला. त्यानं मला वकिलांच्या नादी न लागण्याचा सल्ला दिला.) म्हणजे सर, शिकायला हरकत खुद्द त्यांची नाही, तुमची आहे. आणि जिथं हरकत घ्यायला हवी, त्या परातीएवढ्या जाळ्याचं एक तुमच्या दिवाणखान्यात आहे. टीव्हीच्या वर. मी पाहिलं आहे.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी भिंतीवरचा एक पोशाख दाखवला. त्यावर पत्र्याचे शेकडो लहान शंकू, हललं की पाऊस पडल्यासारखा आवाज. पूर्वी हे शंकू तपकिरीच्या डब्यांची झाकणं वळून करत. १९१८-१९च्या साथीत, मुलगी आजारी पडलेल्या एका बापाला स्वप्नात हा पोशाख आणि नाच दिसला, त्यानं तो शिवला, मुलगी नाचली, बरी झाली, अशी कथा. कोणी ती मिल लॅक्स तळ्याकाठची सांगतात, कोणी कॅनडातली. १९२१ साली सरकारी खात्यानं असल्या नाचांना आळा घालायचं परिपत्रक काढलं. परिपत्रकांचं पुढं काय होतं ते मी अठ्ठावीस वर्षं पाहिलं आहे. नाच अजून चालू आहे. २०२०च्या साथीतही बायका तो पोशाख घालून नाचल्या.

१९१८ म्हटल्यावर मला आठवली मानमोडी. तीच साथ. आमच्या आजोबांचे दोन भाऊ आठ दिवसांच्या अंतरानं गेले. आजी तपकीर ओढी, आणि तिच्या डबीची झाकणं आम्ही चाकं म्हणून पळवत असू. ते मी बाईंना सांगितलं. त्यांनी पोशाखाचा एक शंकू बोटानं हलवला, आणि मग आम्ही सँडविच खाल्लं.

खरी गोष्ट दुपारी घडली. बाईंनी सालीचं पसरट पात्र काढलं. तिकडे तळ्यांत एक भात उगवतं, मनोमिन. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात होडीतून जाऊन दोन काठ्यांनी ते झोडून होडीत पाडतात, भाजतात, तुडवतात आणि या पात्रात पाखडून फोल उडवतात. बाई दाखवू लागल्या. सगळ्यांनी हात आजमावला. मुलाचं अर्धं भात जमिनीवर, माझं उरलेलं अर्धं. तेव्हा कोपऱ्यात नुसती बसलेली आमची ही उठली. पदर खोचला. पात्र घेतलं, दोनदा हातात तोललं, आणि मनगट फिरवलं. फोल पुढं, दाणा मागं. पुन्हा. मध्येच डावीकडे एक झटका, खडे बाजूला. बाई हातातलं ठेवून जवळ आल्या. त्यांनी काही विचारलं, हिनं मराठीत उत्तर दिलं, त्यांनी मान डोलावली, पात्र घेऊन आपला झटका दाखवला. हिनं तो करून पाहिला आणि "अगं बाई, हे बरंय" म्हणाली. पंधरा मिनिटं त्या दोघी बोलत होत्या. दुभाषी कोणी नव्हतं.

नात माझ्याजवळ येऊन विचारू लागली, आजीला हे कुठं शिकवलं? मी म्हटलं, आपल्याकडे सूप असतं. ते कोण करतं? बुरूड. कशाचं? बांबूचं. बांबू कधी तोडतात? विणायच्या आधी भिजवतात का? आणि तो बुरूड कोण, त्याचं नाव काय? चाळीस वर्षं गौरीच्या वेळी सूप आमच्या घरी आलं. आणणारा मीच. पहिल्या दोन प्रश्नांपुढच्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला धड देता आलं नाही. ओजिब्वेंची साल कोणत्या पंधरवड्यात निघते ते मला पाठ होतं.

सर, हा मुद्दा तुमच्या तीनांत नव्हता. तुमच्या कपाटात बलुतेदारीवर किमान सात पुस्तकं आहेत; तुम्ही तरी एकदा बुरूडाशेजारी बसला आहात का? बसला असाल तर हा लेख मी मागं घेतो.

पुण्याला परतल्यावर मी बुरूड आळीत गेलो. एका दुकानाबाहेर पन्नाशीचा माणूस पायानं कांब धरून बिळी काढत होता. मी त्याला नाव विचारलं. त्यानं आधी मी महापालिकेचा आहे का ते विचारलं. नाही म्हटल्यावर नाव सांगितलं. मी म्हटलं, मला सूप विणायला शिकवाल का, रोज सकाळी येईन, शिकवणीचे पैसे देईन. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं, मग चष्म्याकडे.

"काका, तुम्हाला नाही जमायचं," तो म्हणाला. "अडीचशे रुपये. घेऊन जा."

मी घासाघीस न करता पैसे दिले आणि शेजारच्या खोक्यावर बसलो. त्यानं हाकललं नाही. तास दीड तासानं त्यानं एक बिळी माझ्या हातात दिली, ती मी मोडली, त्यानं दुसरी दिली. घरी आलो तेव्हा अंगठ्याला पट्टी होती.

हिनं सूप उलटंसुलटं केलं, काठ दाबून पाहिला आणि म्हणाली, "दीडशेला मिळतं."